ओका गळा, मंगळसूत्र आणि १ पेत्र ३

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझं माहेर सीएनआयचं (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), सासर पेंटेकॉस्टल पंथाचं. लग्न तीन महिन्यांवर आलंय. होणाऱ्या सासूबाई आणि त्यांचे पाळक म्हणतात, अंगावर सोनं नको, मंगळसूत्रही नको, कारण १ पेत्र ३:३-४ मध्ये बाहेरची शोभा नको असं लिहिलंय. आई रडते, म्हणते मुलीला ओक्या गळ्याने कशी पाठवू? वचन नेमकं काय सांगतं? आणि ती अंतःकरणाची शोभा म्हणजे रोज उठून करायचं तरी काय?"

सलाम ताई,

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. वचन काय म्हणतं, हे वाचून कळतं. तुम्ही ज्या मंडळीत जाणार तिची शिस्त काय, हे त्या मंडळीला विचारून कळतं. आणि तुमच्या गळ्यात काय असावं, हे शेवटी तुम्हालाच तुमच्या विवेकाला विचारून ठरवावं लागतं. घोळ होतो तो शिस्तीलाच वचन म्हटल्यामुळे. 'आमच्या मंडळीची अशी पद्धत आहे' असं पाळक म्हणाले तर त्यावर बोलता येतं, मान राखून नाहीही म्हणता येतं. 'देव म्हणतो' असं आलं की बोलणंच खुंटतं. म्हणून आधी वचन पाहू.

१ पेत्र म्हणजे बायबलमधलं पेत्राचं पहिलं पत्र. ते पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया आणि बिथुनिया इथल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, पांगलेल्या विश्वासीयांना लिहिलेलं आहे. तिसऱ्या अध्यायाचं पहिलं वचन सोडून एकदम तिसरं वाचलं की गाडी चुकते. पहिल्या वचनात विषय मांडलाय: नवरा वचन मानत नसेल तर बायकोने त्याला बडबड न करता, वागणुकीने जिंकावं. दागिन्यांचं वाक्य या विषयाच्या पोटात आहे. त्याच्याही आधी, २:१८ पासून, पेत्र घरगुती दास-चाकरांशी बोलतोय. हे लक्षात ठेवा, कारण त्या काळच्या श्रीमंत रोमी बाईची केशरचना ती स्वतः करत नसे. त्यासाठी दासी असे. तापवलेल्या लोखंडी नळीने ती कुरळे पाडी, वेण्या घाली, त्यांत सोनं गुंफी. म्हणजे मंडळीत एका बाजूला ते डोकं बसलेलं असणार, आणि दुसऱ्या बाजूला ते डोकं सजवणारे हात. पेत्राचं वाक्य या दोघींनी एकाच वेळी ऐकलं असेल, तर ते दोघींना किती वेगळं लागलं असेल ते बघा.

आता वाक्याची रचना. त्यात तीन गोष्टी आहेत: केस गुंफणं, सोनं घालणं आणि वस्त्रं नेसणं. काही भाषांतरांत वस्त्रांच्या आधी 'उंची' किंवा 'भारी' असा शब्द येतो, पण मूळ ग्रीकमध्ये तो नाही, नुसतं 'वस्त्रं घालणं' आहे. म्हणून हे वाक्य सरळ बंदी म्हणून वाचलं तर सोन्याबरोबर वेणी बंद, आणि कपडेही बंद! तसा अर्थ कोणीच काढत नाही. मग तीनातलं मधलंच एक कलम उचलून नियम करायचा अधिकार कुठून आला, हे नम्रपणे विचारायला हरकत नाही. 'हे नव्हे, तर ते' ही शास्त्राची बोलण्याची एक धाटणी आहे. होशेय ६:६ मध्ये देव म्हणतो, मला यज्ञ नको, दया हवी; म्हणून त्या दिवसापासून मंदिरातले यज्ञ थांबले नाहीत. कशाला आधी किंमत द्यायची, ते तिथे सांगितलंय.

आणि किंमत हाच इथला खरा शब्द आहे. १ तीमथ्य २:९ मध्ये पौल महागड्या कपड्यांसाठी 'पोलुतेलेस' हा शब्द वापरतो, म्हणजे ज्याला भारी पैसे पडतात ते. पेत्र चौथ्या वचनात तोच शब्द सौम्य आणि शांत आत्म्याला लावतो. दुकानातला शब्द उचलून त्याने आतल्या माणसाला लावला. देवाच्या तराजूत भारी काय, हे तो सांगतोय. सोनं पाप आहे असं तो म्हणत नाही.

सोनं मुळात पाप असतं तर रिबकेच्या गोष्टीचं काय करायचं? उत्पत्ती २४:२२ मध्ये अब्राहामाचा सेवक तिला अर्ध्या शेकेलची नथ आणि दहा शेकेलच्या दोन बांगड्या देतो. शेकेल साधारण ११ ग्रॅमच्या आसपास धरतात, म्हणजे नथ साडेपाच ग्रॅमची आणि बांगड्या आजच्या दहा ग्रॅमच्या तोळ्याने जवळपास अकरा तोळ्यांच्या. तेही प्रार्थनेचं उत्तर मिळाल्यावर, आणि तिने परक्या माणसाच्या उंटांना पाणी पाजल्यावर. अर्थात उलट बाजूही शास्त्रात आहे. निर्गम ३३ मध्ये सोन्याच्या वासराच्या पापानंतर लोक दागिने उतरवतात, आणि यशया ३ मध्ये यरुशलेमच्या नटव्या बायकांच्या दागिन्यांची यादीच दिली आहे. म्हणून दागिने उतरवणाऱ्या मंडळीलाही आधार नाही असं मी म्हणणार नाही. आधार आहे, सर्वांना, सर्वकाळ लागू अशी आज्ञा नाही.

आता तुमच्या आईकडे येतो, कारण या सगळ्या चर्चेत तिचं म्हणणं कोणी गंभीरपणे घेतलेलं दिसत नाही. बाहेरचं रूप ही एक भाषा आहे, आणि ती प्रत्येक मुलखात वेगळी असते. त्या रोमी शहरांत गुंफलेलं सोनं म्हणत होतं, 'मी तुमच्यापेक्षा वरची.' महाराष्ट्रात ओका गळा आणि भुंडे हात काय म्हणतात? इथे पिढ्यान्‌पिढ्या नवरा गेला की बांगड्या फोडल्या, मंगळसूत्र तोडलं. ती शिक्षा होती, साधेपणा नव्हता. तुमची आई ख्रिस्ती असली तरी याच मातीतली आहे. तिच्या डोळ्यांना मुलीचा मोकळा गळा 'देवभीरू' असा दिसत नाही, 'अभागी' असा दिसतो. केरळातल्या पेंटेकॉस्टल घरांत दागिने न घालणं ही साक्ष म्हणून सगळ्यांना कळते, कारण तिथे ती भाषा रुळलेली आहे. तीच पद्धत इकडच्या तालुक्याच्या गावात आणली तर शेजारीण साक्ष ऐकत नाही, ती हळूच विचारते, 'काय झालं हो?' त्यामुळे आईला 'जगिक' म्हणून गप्प करू नका. ती जे वाचतेय ते खरोखर तिथे लिहिलेलं आहे.

मंगळसूत्र हिंदू आणि अंगठी ख्रिस्ती, अशी वाटणीही टिकत नाही. लग्नात अंगठी घालण्याची आज्ञा शास्त्रात कुठेच नाही. ती चाल रोमी लोकांच्या वाङ्‌निश्चयातून आली आणि मंडळीने तिला नवा अर्थ दिला. केरळच्या सिरियन ख्रिस्ती लोकांनी मिन्नूवर, म्हणजे लग्नात वधूच्या गळ्यात बांधायच्या पदकावर, मण्यांचा क्रूस घातला. आपल्याकडे दोन वाट्यांच्या मधे क्रूस असलेलं मंगळसूत्र कित्येक ख्रिस्ती बायकांच्या गळ्यात दिसतं. कायद्यालाही यातलं काही लागत नाही. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे अधिकृत पाळक आणि त्यांच्याशिवाय किमान दोन साक्षीदार हवेत. अंगठी नसली, मंगळसूत्र नसलं, तरी लग्न पक्कंच असतं. हे आईला सांगा, आणि सासूबाईंनाही सांगा. दोघींच्याही मनातली एकेक भीती कमी होईल.

आता जरा अवघड भाग. दागिने काढायला लावणारे बहुतेक लोक मनाने चांगले असतात, पण एका सापळ्यात हमखास अडकतात: काढून टाकणं हेसुद्धा बाहेरचंच आहे. मत्तय ६:१६-१८ मध्ये येशू उपास करणाऱ्यांना काय सांगतो? तोंड सुकवून फिरू नका. डोक्याला तेल लावा, तोंड धुवा. म्हणजे साधेपणाचंही प्रदर्शन होतं, आणि ते ओळखायला जास्त कठीण असतं, कारण त्यावर 'अध्यात्म' असं लेबल असतं. ज्या मंडळीत बहिणींच्या मनगटांवर नजर ठेवली जाते ती मंडळी अजून मनगटंच बघते आहे. शमुवेल संदेष्टा नवा राजा निवडायला इशायच्या घरी गेला तेव्हा त्याला सांगितलं गेलं की माणूस बाहेरचं पाहतो, परमेश्वर हृदय पाहतो. ते इशायच्या थोरल्या मुलाच्या, अलीयाबाच्या, उंचीबद्दल होतं, आणि अलीयाबाने अंगावर काय घातलं होतं याचा तिथे उल्लेखसुद्धा नाही.

हे वचन फक्त बायकांना ऐकवलं जातं, हीही गंमतच. याकोब २:२ मध्ये सोन्याची अंगठी घालून सभेत येणारा पुरुष आहे, आणि त्याला चांगली जागा देणारे तुमच्या-आमच्यासारखे. आज त्या जागी बसतो तो मोठी वर्गणी देणारा, परदेशातून आलेला पाहुणा, किंवा स्टेजवर चकचकीत सूट घालून बोलणारा. त्याच्या घड्याळाची किंमत कोणी विचारत नाही. १ पेत्र ३ चं सातवं वचन तर नवऱ्यांना सांगतं की बायकोशी समजुतीने वागला नाहीत, तिला मान दिला नाहीत, तर तुमच्या प्रार्थनेला अडथळा येईल. तुमच्या प्रश्नात होणाऱ्या नवऱ्याचं मत कुठेच नाही, हे मला खटकलं. सासूबाई आहेत, पाळक आहेत, आई आहे. तो कुठे आहे?

सोन्याच्या बाजूने बोलताना पैशाची बाजू विसरू नका. मेथॉडिस्ट चळवळीचे जॉन वेस्ली यांनी १७८६ मध्ये याच वचनावर प्रवचन लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की कपड्यालत्त्यावर विनाकारण घातलेला प्रत्येक शिलिंग देवाकडून आणि गरिबाकडून चोरलेला असतो. हे मला मनगट मोजण्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटतं, कारण इथे हिशेब द्यावा लागतो. अंगावरचं सोनं उतरलं आणि लॉकरमध्ये गेलं, तर फक्त जागा बदलली. म्हणून सासरच्यांना आदराने हा एक प्रश्न जरूर विचारा: दागिने नकोत, तर त्या पैशाचं काय करायचं ठरलंय? उत्तर 'गरजूंना देऊ' किंवा 'लग्नच लहान करू' असं आलं तर ही माणसं खरं बोलत आहेत. उत्तर 'त्याऐवजी गाडी' किंवा 'फ्लॅटच्या डाउन पेमेंटला हातभार' असं आलं, तर तो हुंडाच आहे, फक्त त्याला पांढरे कपडे घातले आहेत. आणि माहेरकडेही 'आम्ही काही मागितलं नव्हतं, त्यांनी मुलीला घातलं' या वाक्याखाली बरंच काही झाकलं जातं.

एक व्यवहाराची सूचना. एखाद्या सभेनंतर भरून आलेल्या मनाने दागिने मोडू नका, दानपेटीतही टाकू नका. सराफाकडे मोड करताना घडणावळ बुडते, खड्यांचं वजन आणि घट वजा होते, हातात येतं ते निव्वळ सोन्याचं. आधी पावत्या तुमच्या नावावर करून घ्या, हॉलमार्क तपासा (२२ कॅरेटला ९१६), वजनाची यादी करा आणि किमान वर्षभर थांबा. वर्षानेही देणं मनात असेल तर आनंदाने द्या. ज्याची घाई दुसऱ्याला असते ते दान बहुधा आपलं नसतं.

तुमचा तिसरा प्रश्न मला सर्वांत आवडला: आतली शोभा म्हणजे करायचं काय? आधी दोन शब्द साफ करू. 'सौम्य' हा शब्द मत्तय ११:२९ मध्ये येशू स्वतःसाठी वापरतो, आणि त्यानेच मंदिरात सराफांचे चौरंग पालथे घातले होते. तेव्हा सौम्य म्हणजे मुळूमुळू नव्हे. ताकद आहे, पण ती मालकाच्या हातात आहे, असा त्याचा भाव. 'शांत' म्हणजे आत कालवाकालव नसलेला. त्याच घराण्याचा शब्द १ तीमथ्य २:२ मध्ये सर्व विश्वासीयांच्या जीवनाबद्दल आलाय, बायकांनी गप्प बसण्याबद्दल नव्हे.

आतला माणूस दिसत नाही, पण तो जिथून बाहेर झिरपतो त्या जागा ठरलेल्या आहेत. दमलेलो असताना जीभ. कोणी चूक दाखवली की पहिलं वाक्य. पैसे. आणि ज्यांच्याकडून आपल्याला काही मिळायचं नाही अशा माणसांशी वागणं. विवाहपूर्व वर्गात मी मुलाला आणि मुलीला, दोघांनाही, पहिल्या आठवड्यात काहीच बदलायला सांगत नाही. फक्त झोपण्याआधी दहा मिनिटं या चार जागांबद्दल लिहायला सांगतो. लिहिण्याची एकच अट असते. 'आज चिडले' असं लिहायचं नाही. 'भांडीवाल्या मावशी उशिरा आल्या. मी दार उघडलं आणि त्यांच्याकडे न बघता आत वळले' असं लिहायचं. पहिल्या वाक्याने काही होत नाही. दुसऱ्या वाक्यातली पाठ दिसते, आणि दुसऱ्या दिवशी दार उघडताना ती आठवते.

पुढचे तीन आठवडे चारांपैकी एकच जागा धरा. चारही धरल्या की दहा दिवसांत सगळं सुटतं. बहुतेकांना जीभ निवडावी लागते. याकोब १:१९ प्रमाणे ऐकायला तत्पर, बोलायला सावकाश. प्रत्यक्षात याचा अर्थ: समोर नसलेल्या माणसाबद्दल जे बोलाल ते त्याच्यासमोर बोलता येईल असंच बोला. चुकलात तर सूर्य मावळायच्या आत परत जा आणि शब्द मागे घ्या. माफीत 'पण' नको. 'पण' आला की माफी संपली आणि वकिली सुरू झाली.

दुसरी गोष्ट, गुप्त देणं. रक्कम मी ठरवत नाही, पण तुमच्या बाबतीत सोपं माप आहे: दागिन्यांच्या पावतीवर घडणावळीचा जो आकडा असेल तेवढे पैसे लग्नाआधी एखाद्या गरजूला द्या, आणि मत्तय ६:३ प्रमाणे कोणाला कळू देऊ नका. मंडळीत साक्ष देतानाही नाही, नवऱ्यालाही लगेच नाही. दिल्यावर चार दिवसांनी सांगायची जी खाज सुटते ना, तीच बाहेरच्या शोभेची खरी जागा. गळ्यापेक्षा ती शोधा.

तिसरी गोष्ट, तीत २:३-५ मध्ये म्हटल्याप्रमाणे एक वडीलधारी बाई. सासूबाई नकोत, आणि या वादात एक बाजू घेतलेल्या पाळकीणबाईही नकोत. पंधरा दिवसांतून एक तास, आणि तिला तुमची वही न दाखवता वहीतली एकच गोष्ट सांगायची.

यात काय बिघडतं तेही सांगतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात 'मी तर आधीपेक्षा वाईट झाले' असं वाटतं. तसं नसतं, दिसायला लागलेलं असतं. काही जण या चार जागांचाच नवा नियम करून घरातल्या इतरांना तपासायला लागतात, म्हणजे बांगड्यांच्या जागी वही आली इतकंच. आणि सर्वांत धोक्याचं म्हणजे 'सौम्य व शांत' हे शब्द मार सोसण्यासाठी वापरले जाणं. १ पेत्र ३ चं सहावं वचन सारेच्या, म्हणजे अब्राहामाच्या बायकोच्या, लेकींना भीतीला बळी न पडता चांगलं करायला सांगतं. लग्नानंतर हात उगारला गेला, पैसे अडवले गेले, माहेरी फोन बंद केला गेला, तर तिथे वचन पाठ म्हणत बसायचं नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा तुमच्यासाठीही आहे. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, आणि तातडीला ११२.

आता निर्णय. तो तीन गोष्टींवर अवलंबून आहे. एक, त्या मंडळीत दागिने असले तर प्रभुभोजन नाकारतात की नुसतं नापसंत करतात? हे पाळकांना सरळ विचारा, सासूबाईंमार्फत नको. दोन, तुम्ही लग्नानंतर त्याच मंडळीच्या सभासद होणार का? होणार असाल तर रोम १४ प्रमाणे तिथल्या बहिणींच्या विवेकाला ठेच लागू नये म्हणून स्वतःहून काही सोडणं ही प्रीती आहे. पण त्याच अध्यायाचं तिसरं वचन सोडणाऱ्यालाही सांगतं की न सोडणाऱ्याचा न्याय करू नको. तीन, तुमचं स्वतःचं मन. पाचव्या वचनात प्रत्येकाने आपल्या मनाची पक्की खात्री करून घ्यावी असं आहे. सासूबाईंच्या मनाची नव्हे.

माझं मत विचाराल तर: लग्नाच्या दिवशी क्रूस असलेलं छोटं, काळ्या मण्यांचं मंगळसूत्र, बाकी सोनं नाही, आणि वाचलेल्या पैशाचं काय करायचं ते दोघांनी मिळून ठरवलेलं. यात आईची भीती जाते आणि सासरच्यांच्या म्हणण्यातला खरा भाग राहतो. पाळक तेवढ्यालाही तयार नसतील आणि तुमचं मन मंगळसूत्र सोडायला मोकळं असेल, तर सोडा. मन मोकळं नसेल तर सोडू नका, आणि हे लग्नाआधीच सांगा, कारण विधीच्या सकाळी काढून घेतलेलं मंगळसूत्र पुढची वीस वर्षं गळ्यात नसूनही टोचतं.

क्रम असा ठेवा: या आठवड्यात फक्त होणाऱ्या नवऱ्याशी बोला, दोघेच, किमान दोन तास, शास्त्र समोर उघडून. मग दोघे मिळून पाळकांकडे जा, आणि बोलायला सुरुवात त्याने करावी. आईशी फोनवर बोलू नका. घरी जा, तिचा दागिन्यांचा डबा बाहेर काढा, आणि त्यातलं प्रत्येक कोणी, कधी, कशातून केलं ते तिला सांगू द्या. त्या संध्याकाळी १ पेत्र ३ चा विषय काढू नका.